दसऱ्याला पुजलेली हार्ड डिस्क

आमच्या घरात टीव्ही एकच होता आणि तो बैठकीच्या खोलीत होता. तो आतल्या खोलीत असता तर पुढचं बरंचसं झालंच नसतं, असं आई अजूनही म्हणते. मला तसं वाटत नाही, पण टीव्हीला दोष देता येतो ही सोयीची गोष्ट आहे, म्हणून मी तिच्याशी वाद घालत नाही.

टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमधून आम्ही मिसरोदला स्वतःच्या घरात राहायला आलो तेव्हा मी शाळेत होते. बाबा वीज खात्यात इंजिनिअर. दोन्हीकडची माणसं नागपूरची, पण मी आणि मंदारदादा जन्मापासून भोपाळचे. टी. टी. नगरला आजूबाजूला निम्मी घरं मराठी होती. मिसरोदला आम्ही एकटेच. शेजारी तिवारी आंटी, समोर एक सिंधी कुटुंब, आणि सकाळी सातपासून गल्लीत "आलू ले लो, गिल्की ले लो" करत फिरणारा हातगाडीवाला. आमच्या घराचेही आवाज ठरलेले होते. बाबांची देवपूजेची घंटा, मग आईची फोडणी, कुकर, मिक्सर, आणि या सगळ्यावर चढलेला आईचा आवाज. टी. टी. नगरला मंडळाच्या गणपतीत ती पंगतीला वाढायची, तेव्हा शेवटच्या पानापर्यंत तिला ऐकू जायचं. घरात माणसं चार असली तरी तिने तो आवाज कधी कमी केला नाही. पोळ्या तव्यावरून उतरायला लागल्या की ती स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "मंदार, पोळ्या निवून राहिल्या रे!" तिचं नागपूर तेवढंच उरलं होतं, पण दिवसातून दोनदा निघायचं.

हा मंदार म्हणजे माझा दादा. त्याला पुण्यात नोकरी लागली तेव्हा मंडळाच्या गणेशोत्सवात त्याचा सत्कार झाला होता. मंडळाचे अध्यक्ष वझलवार काका, म्हणजे टी. टी. नगरमधल्या तमाम मराठी घरांचे वडीलधारे. त्यांनी त्याला शाल आणि नारळ दिला आणि भाषणात म्हणाले की भोपाळच्या पोरांनी पुण्याला दाखवून दिलं पाहिजे. आईने ती शाल इस्त्री करून कपाटात ठेवली. दादा गणपतीनंतर गेला आणि थंडी संपायच्या आत परत आला. एक बॅग, त्याचा तो व्हिडिओ गेमचा डबा, आणि अंगावर बारीक ताप. नोकरी त्याने सोडली होती. का, ते त्याने सांगितलं नाही. बाबांनी एकदा विचारलं, त्याने "जमलं नाही" एवढंच म्हटलं, आणि बाबांनी पेपर उघडला.

त्याच आठवड्यात मंडळातून कोणाचा तरी फोन आला. "मंदार कसा आहे पुण्यात?" आई म्हणाली, "छान आहे." मी समोर अभ्यास करत बसले होते. तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय सांगू मग?" तिला वाटलं होतं महिनाभराचा प्रश्न आहे, दुसरी नोकरी लागेल, मग कोणाला कळायचंही नाही. पण महिन्यामागून महिने गेले आणि आईचं पुणं वाढत गेलं. त्यात एक चांगला रूममेट आला, एक मेस आली, मेसवाल्या बाई आल्या, त्या बाईंच्या पोळ्या मऊ असायच्या. दादा आतल्या खोलीत वरणभात कालवत असायचा आणि बाहेर आई फोनवर त्या पोळ्यांचं कौतुक करत असायची.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. आमचं खोटं फक्त मराठीत होतं. तिवारी आंटीला आम्ही कधी फसवलं नाही. "भैया दिखे नहीं आज?" "घर पे ही हैं आंटी, सो रहे हैं." हातगाडीवाल्याकडून दादा स्वतः भाजी घ्यायचा. सगळ्या गल्लीला माहीत होतं की तिवारींच्या शेजारच्या घरातला मुलगा नोकरी सोडून आलाय, आणि गल्लीला त्याचं काही पडलेलं नव्हतं. लाज वाटायची ती फक्त आपल्या माणसांची, आणि ती सगळी बारा किलोमीटर लांब राहत होती.

त्यासाठी आमची एक कवायतच बसली होती. फाटकाची कडी वाजली की दादा उठून आतल्या खोलीत. आई हेडफोन उचलून सोफ्याच्या उशीमागे कोंबायची. मी रिमोट घेऊन बातम्या लावायचे. बाबा पडदा किंचित सरकवून बघायचे आणि कोण आहे ते हळू आवाजात सांगायचे. तिवारी आंटी किंवा दूधवाला असेल तर दादा परत बाहेर. हे सगळं आम्ही एकमेकांशी न बोलता करायचो, आणि इतकं सफाईने की आज आठवलं तरी कानशिलं तापतात. कारण कोणीही, मीसुद्धा, दादाच्या तोंडाकडे कधी बघितलं नाही. तो उठायचा तेव्हा आम्ही सगळे दुसरीकडे बघत असायचो.

घरात दादा आमच्याशी फार बोलत नसे. पण हेडफोन कानाला लावला की त्याला वाचा फुटायची. जबलपूरचा कोणी, इंदूरचे दोघं, आणखी कुठकुठली पोरं त्याच्याबरोबर खेळायची. "अरे यार, अपन पीछे से आते हैं, तू रुक," असं तो त्यांना समजावून सांगायचा. न चिडता, पुन्हा पुन्हा. खेळात तो त्यांचा म्होरक्या होता. मला ते बघून रागच यायचा, की एवढं बोलता येतं तर पुण्यात काय झालं होतं?

मग त्या डब्यातली जागा संपली. पडद्यावर सूचना यायची की नवा खेळ घ्यायला जागा नाही, आधी जुना काढा. आमचं इंटरनेट असं की एक मोठा खेळ उतरवायला आठवडे लागायचे, महिन्याचा कोटा संपला की पुढच्या महिन्याची वाट बघायची. त्यामुळे एकदा काढलेला खेळ परत आणणं म्हणजे दिव्यच. दादा यादीसमोर तासन्‌तास बसायचा. हा काढू का तो? शेवटी काहीच काढायचा नाही. एका रविवारी बाबा त्याच्यामागे खुर्चीत बसले होते, पेपरच्या आडून बघत. अचानक म्हणाले, "किती जागा लागते एकेकाला?"

दादाने मागे वळून बघितलं. त्याला वाटलं असेल टोमणा आहे. पण बाबांनी पेपर खाली ठेवला होता. त्यांना मशीनची अडचण समजून घ्यायची होती, माणसाची नाही. तेवढं त्यांना जमायचं. दादाने सांगितलं की आतली डिस्क बदलता येते, पण सोपं म्हणजे बाहेरून एक हार्ड डिस्क लावायची, खेळ तिच्यावर हलवायचे. आणि खेळून मिळवलेलं? ते आतच राहतं. बाबांनी विचारलं, केबल कोणती, वीज कुठून घेते, मध्येच निघाली तर काय होतं. दादा उत्तरं देत होता आणि त्याचा आवाज हळूहळू हेडफोनमधल्यासारखा होत गेला. आई स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात घेऊन उभी होती. ती आत गेली आणि त्या दिवशी तिने गोळाभात केला, कोणी मागितला नसताना.

दोन दिवसांनी बाबा ऑफिसमधून येताना एम. पी. नगरला उतरले आणि हार्ड डिस्क घेऊन आले. काळी, खिशात मावेल एवढी. दादाच्या हातात दिली आणि म्हणाले, "एवढ्याशा डबीत सगळं मावतं म्हणे." दादा म्हणाला, "हो बाबा, चौपट मावेल." दीड वर्षात त्या दोघांचं बोलणं हसण्यावर संपलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

दसरा दोन दिवसांवर होता. दसऱ्याला आमच्याकडे बाबांची हत्यारं पुजली जात. टेस्टर, पक्कड, मल्टिमीटर, स्कूटरची किल्ली, माझं कंपासपेटीतलं करकटक आणि आईचा मिक्सर. ज्याचं ज्याच्यावर काम चालतं ते पाटावर. त्या वर्षी बाबांनी ती हार्ड डिस्कही पाटावर ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं एक फूल ठेवलं, आणि अक्षता टाकताना आईला म्हणाले, "कुंकू भोकात जाऊ देऊ नकोस गं." आईने डब्यावरही एक फूल ठेवलं. दादा आंघोळ करून झब्बा घालून उभा होता. त्याच्या हत्याराची पूजा झाली होती. मला वाटतं त्या दिवसापुरतं त्याला वाटलं असेल की या घरात आपणही काहीतरी करतो.

जेवणात श्रीखंड होतं. हात धुऊन दादाने डिस्क जोडली, ती नव्याने तयार करून घेतली, सगळे खेळ निवडले आणि हलवायला लावले. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरायला लागली. डब्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घुमत होता. दादाने मला बजावलं, "दोनेक तास लागतील. काही झालं तरी बंद करायचं नाही." बाबा आरामखुर्चीतून म्हणाले, "चालू मशीन बोर्डावरून कधीच बंद करू नये." हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. पंखा, मिक्सर, कॉम्प्युटर, काहीही असो, आधी मशीन बंद, मग बोर्डावरचं बटण. त्यांच्या खात्यात एकदा कोणीतरी उलटं केलं होतं, तो किस्साही पाठ होता.

इथे दसऱ्याच्या सोन्याबद्दल सांगायला हवं. धाकट्यांनी थोरांच्या घरी जायचं, आपट्याची पानं द्यायची, पाया पडायचं. टी. टी. नगर सोडल्यावरही आम्ही दर दसऱ्याला वझलवार काकांकडे जायचो. दादा परत आल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला गेलो नाही, आईचा गुडघा दुखतोय असं कळवलं. यंदाही गुडघाच पुढे केला होता. आम्ही गेलो नाही की प्रश्न येणार नाहीत, एवढा साधा हिशेब होता. आम्ही नाही गेलो तर ते येतील, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. थोरांनी धाकट्यांच्या दारात सोनं घेऊन यायचं, असं कुठे असतं?

चारच्या सुमाराला फाटकाची कडी वाजली. दादा उठला. आईने हेडफोन कोंबले. मी टीव्ही बंदच केला. बाबांनी पडदा सरकवला आणि नेहमीसारखं नाव सांगितलंच नाही. नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "काका."

काका, काकू आणि त्यांची नात केतकी. केतकी माझ्याच वयाची, एम. पी. नगरला माझ्याच कोचिंगला, दुसऱ्या बॅचमध्ये. काकांना पायऱ्या चढताना धाप लागली होती. बाबा त्यांच्या पाया पडायला वाकले तर काकांनी त्यांना अर्ध्यावरच धरलं. "वहिनींचा गुडघा दुखून राहिला, तर म्हटलं आपणच जाऊ." आईने लंगडायचं लक्षात ठेवलं नाही. ती तरातरा चालत पाणी घेऊन आली, आणि मधेच आठवून हळू झाली. ते काकूंनी बघितलं हे मी बघितलं.

चिवडा आला, श्रीखंडाच्या वाट्या आल्या. काका म्हणाले, "मंदार काय करून राहिला पुण्याला? दसऱ्यालाही नाही आला?"

"सुट्टीच नाही हो," आई म्हणाली. "फार काम आहे. पण जेवणाची आबाळ नाही. त्या मेसच्या बाई आज त्याला पुरणपोळी करून देणार होत्या."

काकूंनी मान हलवली. केतकी चमच्याने श्रीखंड ढवळत राहिली. बंद टीव्हीखाली तो डबा गरागरा घुमत होता, आणि त्याच्या शेजारी झेंडूच्या फुलाखाली डिस्कचा दिवा लुकलुकत होता. आई मोठ्याने बोलत होती, पण तो आवाज झाकला जात नव्हता.

"हे काय वाजून राहिलं?" काकांनी विचारलं.

"कॉपी चालू आहे, आजोबा," केतकी म्हणाली. आणि लगेच बाबांकडे बघून, "काका, बंद नका करू हं, सब उड जाएगा."

"कोणाची कॉपी?" काका सहजच म्हणाले. खरंच सहज म्हणाले. पण आमच्या खोलीत ते सहज पडलं नाही. मी म्हणायला हवं होतं, माझी. तोंड उघडलंही. बाबा त्याआधी उठले. "काही नाही, असंच राहिलंय चालू," म्हणत ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी बोर्डावरचं बटण दाबलं.

पंखा घरघरत थांबला. डिस्कचा दिवा विझला. मला वाटतं बाबांना त्यांचा हातच दिसला नव्हता तोवर. बटणावर बोट तसंच ठेवून ते उभे राहिले.

आतल्या खोलीचं दार उघडलं. दादा झब्ब्यात, अनवाणी, बैठकीत आला. त्याने काकांकडे बघितलं नाही, आईकडे नाही. विझलेल्या दिव्याकडे बघितलं आणि मग बाबांकडे. "बाबा," तो म्हणाला, "बोर्डावरून?"

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने इतक्या हळू विचारलं, की जणू बाबांना दुसरं काही सुचलं नसेल याची त्याला खात्री करून घ्यायची होती. मी जमिनीकडे बघत होते. मला त्या क्षणी दादाची नाही, बाबांची लाज वाटली, आणि लगेच माझीही. कारण तोंडातलं "माझी" अजून तोंडातच होतं.

दादा काकांच्या पाया पडला. "मी इथेच असतो काका. पुणं कधीच सोडलं."

काकांनी खिशातून आपट्याची पानं काढून त्याच्या हातावर ठेवली. "सोनं घे," ते म्हणाले. "माहीत आहे रे आम्हाला. केव्हाचं माहीत आहे."

आईच्या हातातली वाटी कलंडली. मग केतकीने सांगितलं. ती भावाच्या नावाने खेळायची, दादाच्याच टोळीत, बोलायची नाही, नुसती ऐकायची. दादाच्या हेडफोनच्या माईकमधून आमचं सगळं घर तिच्याकडे जायचं. घंटा, कुकर, गिल्कीवाला. "और काकू की आवाज," ती आईकडे बघून म्हणाली, आणि हुबेहूब काढून दाखवली, "'मंदार, पोळ्या निवून राहिल्या रे!' पंगतीतली आवाज, मी लगेच पहचान लिया. जबलपूरवाले पण बोलतात आता. कोई लेट आया, की पोळ्या निवून राहिल्या." तिला वाटलं आम्ही हसू. दादाच्या ओठांवर किंचित काहीतरी आलं आणि गेलं.

म्हणजे आम्ही फाटकाची कडी सांभाळत होतो आणि आई दिवसातून दोनदा सगळ्या टोळीला सांगत होती की मंदार घरी आहे.

"माहीत होतं," आई म्हणाली, तिचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता, "तर मग दर फोनला पुण्याची चौकशी का करायचात, काकू?"

काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली. "तू इतकं रंगवून सांगायचीस गं," त्या म्हणाल्या. "मेस, त्या बाई… तोडवेना मला."

आईने पदर तोंडाला लावला. मी आजवर पुष्कळदा विचार केलाय की काकूंनी त्या वेळी खोटं उत्तर द्यायला हवं होतं का. आम्हाला जपत होते ते, याचा राग येऊ नये. पण मला आला होता. इतके महिने आम्ही त्यांच्यापासून लपत होतो आणि ते आमचं लपणं सांभाळून घेत होते. उघडं पडल्याची लाज एकदाच वाटते. ही मात्र मागच्या प्रत्येक फोनला जाऊन चिकटली. आईने तर त्यानंतर कितीतरी दिवस पोळ्यांसाठी हाकच मारली नाही. दादाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहायची.

काका फार थांबले नाहीत. निघताना दादाला म्हणाले, "ये ना टी. टी. नगरला. शाल परत नाही मागत मी." दादा हो म्हणाला. ते गेल्यावर बाबांनी बटण चालू केलं, आधी दादाला विचारून. डबा सुरू झाला. डिस्क त्याला ओळखता येईना. पुन्हा नव्याने तयार करा, त्यावरचं सगळं जाईल, अशी सूचना आली. तोवर जेवढे खेळ पलीकडे गेले होते तेवढे गेले. दादाने खेळून मिळवलेलं सगळं मात्र आत शाबूत होतं. ते उघडायला खेळ नव्हते, एवढंच. बाबा त्याच्या शेजारी जमिनीवर बसले होते, गुडघे न वाकणारा माणूस. "परत उतरवता येतील?" त्यांनी विचारलं.

"येतील. वेळ लागेल."

"लागू दे," बाबा म्हणाले. ते चष्मा पुसत राहिले. दादाने डिस्कवरचं कुंकू अंगठ्याने पुसलं आणि केबल बाबांच्या हातात दिली, धरायला.

आता मी त्या वेळच्या दादापेक्षा मोठी आहे. नोकरी जमली नाही म्हणजे काय, हे मलाही कळून चुकलंय. तरी त्या दिवसाचं मला सर्वांत जास्त आठवतं ते यानंतरचं. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. काका जाऊन पंधरा मिनिटंही झाली नव्हती, झाकायला काही उरलं नव्हतं. तरी माझा हात रिमोटकडे गेला. आईने हेडफोन उशीमागे सारले. बाबांनी पडद्याकडे बघितलं. आणि दादा उठला, आपट्याची पानं मुठीत तशीच, आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आम्ही चौघांनीही ते केलं, आणि कोणीच कोणाकडे बघितलं नाही.

तिवारी आंटी होत्या, दसऱ्याची जिलेबी घेऊन. "भैया कहाँ हैं? उनको गरम-गरम पसंद है."

"घर पे ही है," आई म्हणाली. हिंदीत आम्हाला ते नेहमीच सोपं होतं. मग ती वळली, बंद दाराकडे बघत राहिली, आणि पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत जाईल अशा आवाजात मराठीत म्हणाली, "मंदार, बाहेर ये रे."

त्याला यायला जरा वेळ लागला.